अर्ध-ऑर्कचे काय करायचे? नव्या आवृत्तीच्या सक्तीविरुद्ध एक धागा

१/ गेले दोन महिने आमच्या शनिवारच्या टेबलावर एकच वाद पेटला आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची २०२४ ची नवी आवृत्ती स्वीकारायची, की २०१४ च्या नियमांवरच खेळत राहायचे? आम्ही पाच जण तीन वर्षे एकच मोहीम खेळत आहोत. पात्रे अकराव्या लेव्हलला पोहोचली आहेत. मी या टेबलाची डन्जन मास्टर. म्हणजे जग माझे, राक्षस माझे आणि उशीर झाला की बोलणीही मलाच. या वादात मी तटस्थ नाही, हे आरंभीच सांगून टाकते. धागा लांबणार आहे.

२/ ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र. मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि यश संशयास्पद असेल तेथे वीस बाजूंचा फासा पडतो. फासा केव्हा टाकायचा आणि आकड्याचा अर्थ काय, हे पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक काही वर्षांनी बदलते. भांडणाचे मूळ तेथे आहे.

३/ आमच्यातील एका मित्राचे म्हणणे असे : नवी आवृत्ती निघाली की जुनी इतिहासजमा झाली. पुढची पुस्तके नव्या नियमांवर येणार, नवे खेळाडू तेच शिकून येणार, मग आज ना उद्या जे करायचेच आहे ते आजच का करू नये? हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. परंतु त्यामागे इतिहासाविषयीची एक समजूत दडलेली आहे : आवृत्त्या म्हणजे एकाच जिन्याच्या पायऱ्या आणि वरची पायरी खालच्या पायरीला रद्द करते. माझा आक्षेप या समजुतीला आहे. कागदपत्रे तसे सांगत नाहीत.

४/ आधी ‘आवृत्ती’ या शब्दाविषयी. पुण्यात इतिहास शिकणाऱ्या कुणालाही हा शब्द उच्चारताच भांडारकर संस्था आठवते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखिते पडताळून तेथे शोध घेतला गेला तो उपलब्ध पुराव्यावरून पोहोचता येईल अशा सर्वांत जुन्या पाठाचा. जे उशिरा आले ते अधिक प्रमाण, असे कोणताही पाठचिकित्सक म्हणणार नाही. बाजारात मात्र नेमके उलटे गृहीत धरले जाते. आणि गंमत अशी, की चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्यावरही कीर्तनकारांनी आपापल्या कथा सांगणे थांबवले नाही. कुणी थांबवावे अशी अपेक्षाही केली नाही.

५/ आता खेळाकडे. नियम मोठे की पंच मोठा, हा वाद या खेळाहून दीडशे वर्षांनी जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने आपल्या वडिलांनी रचलेल्या युद्धखेळाला नवे रूप दिले : ‘क्रीगस्पील’. खरा नकाशा, सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे, फासे, नुकसानीची कोष्टके आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेला पंच. सेनाप्रमुख म्युफ्लिंग याला तो इतका पसंत पडला, की सैन्यात त्याची शिफारस झाली.

६/ पुढे कोष्टके वाढत गेली. खेळ अचूक होत गेला आणि त्याच मापाने कंटाळवाणा. तेव्हा प्रशियन अधिकाऱ्यांमध्येच बंड झाले. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हेर्न्वा याने मांडले, की अनुभवी पंचाचा निर्णय कोष्टकापेक्षा बरा; नियम बाजूला ठेवा आणि पंचाला बोलू द्या. याला ‘मुक्त’ क्रीगस्पील म्हणतात. जुन्या पद्धतीचे लोक राहिलेच. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. जिन्याची उपमा पहिल्याच वळणावर मोडते, ती अशी.

७/ तिथून अमेरिका. १८८० मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात पंचाला जवळजवळ सर्वाधिकार होते. सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाला ते पुस्तक ग्रंथालयात सापडले आणि त्यातून ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ उभा राहिला, ज्यात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला होता. (ग्रंथालयाच्या धुळीने काय काय घडवले आहे, यावर कधी तरी स्वतंत्र धागा लिहीन.) वेस्लीच्या टेबलावर खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ रचले. आणि १९७४ मध्ये आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांच्या नावाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन लहान पुस्तके एका खोक्यात विक्रीला आली. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार.

८/ त्या तीन पुस्तिका आज उघडून पाहिल्या तर नवखा माणूस गोंधळून जाईल. नियम अपुरे. लढाईसाठी ‘चेनमेल’ हे दुसरेच पुस्तक हाताशी धरायचे, रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरायचा. शेवटी लेखकांनी वाचकाला सांगितले ते थोडक्यात असे, की उरलेले तुम्हीच ठरवा. प्रत्येक टेबलाने ठरवले. प्रत्येकाचे ठरवणे वेगळे निघाले. हा खेळ जन्मला तो पाठभेदांसकट.

९/ मग ‘अधिकृत’ हा शब्द आला कुठून? १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्सने ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन जाड पुस्तके काढली. स्पर्धांमध्ये एकसमान नियम हवे होते, हे खरे कारण होतेच. गायगॅक्स आता लिहू लागला, की जो नियम बदलतो तो हा खेळच खेळत नाही. पाच वर्षांपूर्वी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारा हाच गृहस्थ!

१०/ पण याच काळातील न्यायालयाचा कागद बघा. आर्नेसनला मूळ खेळावर स्वामित्वधन मिळत असे. ‘ॲडव्हान्स्ड’ हा वेगळाच खेळ आहे, अशी भूमिका टीएसआर कंपनीने घेतली. वेगळा खेळ म्हटला की आर्नेसनचा हक्क उरत नाही. १९७९ मध्ये त्याने दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. आवृत्ती वेगळी आहे की तीच, हा प्रश्न येथे खेळाच्या गुणदोषांवरून विचारला गेलेला नाही. पैसे कुणाला द्यायचे, यावरून विचारला गेला आहे.

११/ एवढ्यावरून सगळे कारस्थान होते असे मी म्हणत नाही. कंपनीने पुस्तक विकावे. तिचा तो धंदा आहे. परंतु साधन तपासताना ‘हा कागद कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला’ हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात. बखर वाचताना जो प्रश्न आपण विचारतो, तो नियमपुस्तक वाचताना का विचारू नये?

१२/ आता एका विशिष्ट पात्राच्या मागे जाऊ. आमच्या टेबलावर एक अर्ध-ऑर्क बार्बेरियन आहे. आई माणूस, बाप ऑर्क. गावाने ठेवले नाही, टोळीने घेतले नाही. तीन वर्षांची आमची मोहीम निम्म्याहून अधिक या एका दुखण्यावर चालली आहे. तर हा अर्ध-ऑर्क आवृत्त्यांच्या इतिहासात कुठे कुठे दिसतो?

१३/ १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तो आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत नाही. तोवर गायगॅक्स कंपनीवरील ताबा गमावून बाहेर पडला होता आणि हा खेळ सैतानाची पूजा शिकवतो, असा ओरडा अमेरिकेतील धार्मिक मंडळींनी काही वर्षे चालवला होता. नव्या पुस्तकांतून मारेकऱ्याचा वर्ग गेला, अर्ध-ऑर्क गेला, राक्षससंग्रहातून डीमन आणि डेव्हिल गेले. दोन वर्षांनी ते परतले, पण टनारी आणि बाटेझू अशी नवी नावे धारण करून. नाव बदलून मागच्या दाराने आत येणे ही युक्ती राक्षसांनाही जमते म्हणायची.

१४/ १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली, दोन वर्षांत विझर्ड्सला हॅस्ब्रोने घेतले. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि अर्ध-ऑर्क परत आला. तीनच वर्षांत, २००३ मध्ये, साडेतीनावी आली. हो, साडेतीनावी. ज्यांनी तीन पुस्तके नुकतीच घेतली होती त्यांना तीच तीन पुस्तके थोड्या बदलांनी पुन्हा दाखवण्यात आली.

१५/ २००८ ची चौथी आवृत्ती : पहिल्या पुस्तकात अर्ध-ऑर्क पुन्हा गायब, सोबत नोमही. दोघे पुढल्या वर्षी दुसऱ्या पुस्तकात मिळाले, म्हणजे वेगळे पैसे मोजून. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो पहिल्याच पुस्तकात होता. २०२४ च्या पुस्तकात पूर्ण ऑर्क आहे, अर्ध-ऑर्क नाही. त्याच्यासोबत या वेळी अर्ध-एल्फही गेला.

१६/ या वेळच्या वगळण्यामागील विचार मला तुच्छ वाटत नाही, हे नोंदवते. ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ आणला गेला. ‘अर्धा’ माणूस ही भाषाच वंशवादी वळणाची आहे, असे रचनाकारांच्या बाजूने मांडले गेले. वसाहतकालीन जनगणनेचे तक्ते वाचलेल्या माणसाला यावर विचार करावाच लागतो. पण मग आमच्या मोहिमेत नेमके काय चालले आहे? ‘अर्धा’ म्हणून हिणवले गेलेले एक पात्र त्या शब्दाचा हिशेब मागत आहे. शब्द पुसला की हिशेबही पुसला जातो.

१७/ मित्र म्हणतो, त्याला ऑर्क करून टाक. मरणाच्या दारातून एका हिट पॉइंटवर परत येण्याची त्याची शक्ती नव्या ऑर्ककडेही आहे. खरे आहे. आकडे जुळतात. पण त्याची आई जुळत नाही.

१८/ यावर दुसरा मित्र (आमचा रॉग, कृपया ‘रोग’ वाचू नये) म्हणाला, की नवे पुस्तक जुन्या पुस्तकातील पात्रे वापरायला मुभा देते, मग अडचण काय? हेही खरे आहे, मुभा आहे. पण त्या मुभेचा अर्थ नीट पाहा. जुने पुस्तक हाताशी ठेवायचे, त्यातून काय घ्यायचे ते आपण ठरवायचे आणि नव्याशी सांधा आपणच जुळवायचा. म्हणजे निर्णय टेबलाचाच झाला. मग नव्या आवृत्तीत ‘जावेच लागेल’ हे कुणी सांगितले?

१९/ क्लेरिक खेळणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न अधिक बारीक आहे. २०१४ च्या नियमांत क्लेरिक पहिल्या लेव्हललाच आपल्या देवतेचे क्षेत्र निवडतो; नव्या नियमांत सर्वच वर्गांची ही निवड तिसऱ्या लेव्हलवर गेली आहे. आमच्या दुसऱ्याच सेशनमध्ये तिने प्रकाशक्षेत्राच्या झळाळीने शत्रूचे डोळे दिपवले आणि तिचा जीव वाचला. नव्या पुस्तकाप्रमाणे ती शक्ती तेव्हा तिच्याकडे असूच शकत नव्हती. अकराव्या लेव्हलला आकड्यांच्या दृष्टीने याने काही बिघडत नाही. पण तिने विचारले, ‘मग त्या दिवशी झालं ते काय होतं?’ इतिहासाच्या विद्यार्थिनीकडे याचे उत्तर असायला हवे. आहे : पूर्वी घडलेल्याला त्या वेळचा कायदा लावावा.

२०/ आणि मागचे बदलण्याची हौस कुठवर जाते, याचे ताजे उदाहरण ऑगस्ट २०२४ चे. ‘डी अँड डी बियॉन्ड’ या सेवेवर असंख्य खेळाडूंच्या कॅरेक्टर शीट आहेत. नवी आवृत्ती लागू होताच त्या शीटवरील जुने स्पेल आणि जादूई वस्तू यांच्या जागी नवे नियम येतील, असे जाहीर झाले. लोकांनी पैसे देऊन घेतलेला पाठ त्यांच्याच वहीत बदलला जाणार होता! गदारोळ झाला आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. छापील पुस्तक असे रात्रीतून बदलत नाही. माझी २०१४ ची प्रत शिवण सुटून तीन तुकड्यांत आहे, पण तिन्ही तुकड्यांत मजकूर तोच आहे.

२१/ याहून मोठा प्रसंग जानेवारी २०२३ चा आहे आणि माझ्या मते या वादाचा खरा निकाल तेथेच लागला. २००० साली तिसऱ्या आवृत्तीसोबत विझर्ड्सने एक खुला परवाना दिला होता. त्याच्या आधाराने इतरांना या नियमांवर आपली पुस्तके काढता येत. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीला तो नाकारून अधिक जाचक परवाना आणला गेला. परिणाम? पायझो या प्रकाशकाने जुन्याच परवान्याच्या बळावर साडेतीनाव्या आवृत्तीचा वारसा पुढे चालवला. २००९ चे ‘पाथफाइंडर’ ते हेच. त्याआधी २००६ मध्ये ‘ओसरिक’ने १९७० च्या दशकातील नियम याच मार्गाने पुन्हा उपलब्ध केले होते. रद्द झालेल्या म्हणवल्या जाणाऱ्या आवृत्त्या अशा जिवंत राहिल्या, कारण लोक त्या खेळत राहिले.

२२/ २०२३ मध्ये त्या जुन्या परवान्याच्या जागी नवा आणण्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन, आणि जुना परवाना निकालात काढण्याची भाषा. खेळाडू भडकले, अनेकांनी ‘बियॉन्ड’ची वर्गणी सोडली. २७ जानेवारीला कंपनीने नुसती माघार घेतली नाही, तर पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. हा परवाना मागे घेता येत नाही.

२३/ त्या ४०० पानांत अर्ध-ऑर्क आहे.

२४/ म्हणून ‘जुनी आवृत्ती संपली’ हे विधान मला केवळ घाईचे वाटत नाही, चुकीचे वाटते. १९८९ मध्ये ते अंशतः खरे असू शकले असते. दुकानातून पुस्तक गेले की गेले. आज कायद्याने ते खरे नाही. २०१४ च्या नियमांचा गाभा कुणीही छापावा, वाटावा, मराठीत आणावा. (मराठीत आणावाच. ‘सेव्हिंग थ्रो’ला चांगला शब्द सुचला तर सांगा.)

२५/ नव्या पुस्तकांत काही चांगले नाही का? आहे, बरेच आहे. शस्त्रागणिक वेगळी करामत देणारी ‘वेपन मास्टरी’ फायटरला दर फेरीत ‘मी मारतो’ याखेरीज काही बोलायला देते. मंक सुधारला आहे. औषधाची कुपी पिण्यात आता संपूर्ण पाळी खर्ची पडत नाही. मास्टरसाठीचे पुस्तक २०१४ च्या मानाने कितीतरी सुसूत्र आहे. जुन्यात हवा तो नियम शोधताना मी अख्खे सेशन थांबवलेले आहे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. १९७४ च्या पुस्तिका पवित्र मानून त्यातील छपाईच्या चुकांवर भाष्ये लिहिणारे लोकही या छंदात आहेत आणि त्यांच्याशी वाद घालणे याहून कंटाळवाणे आहे.

२६/ मग विरोध कशाला? चालू मोहिमेत घाऊक बदलाला. आमच्या आधीच्या बॅचच्या एका टेबलाने तो केला, आम्ही जवळून पाहिला. तीन सेशन केवळ कॅरेक्टर शीट पुन्हा लिहिण्यात गेली. कुणाचे आकडे वाढले, कुणाची आवडती खुबी गेली. जिची गेली ती ‘परीक्षा आहे’ म्हणून एका शनिवारी आली नाही, आणि नंतर आलीच नाही. पाठोपाठ दुसरा गेला. तिघांत मोहीम चालेना. त्यांचा ड्रॅगन अजून त्या गुहेत बसलेला आहे. नियम वाईट नव्हते. कुणाला काय गमवावे लागेल, हे आधी कुणी विचारले नव्हते, एवढेच.

२७/ खर्चाचेही बोलू, कारण विद्यार्थ्यांच्या टेबलावर ते कुणी बोलत नाही आणि मग एक जण गप्प होतो. तीन मुख्य पुस्तकांची अमेरिकेतील छापील किंमत प्रत्येकी ४९.९९ डॉलर. आपल्याकडे एकत्रित बारा हजार रुपयांच्या वर हिशेब जातो. आमच्यातील दोघे खोली आणि मेस सांभाळून जेमतेम महिना काढतात. ‘एकाने घ्या, सगळे वापरू’ हे म्हणायला सोपे. ज्याच्याकडे पुस्तक त्याच्याकडे शेवटचा शब्द, हे मी पाहिलेले आहे. नव्या नियमांचाही मूलभूत दस्तऐवज एप्रिल २०२५ पासून त्याच खुल्या परवान्याखाली फुकट आहे. आधी सर्वांनी तो वाचावा. पैशाचे नंतर बघू.

२८/ या शनिवारी माझा प्रस्ताव टेबलावर ठेवणार आहे, तो येथेही ठेवते. चालू मोहीम २०१४ च्या नियमांवर संपवायची. वेपन मास्टरी आणि कुपीचा नियम आजपासून घरचा नियम म्हणून घ्यायचा, कारण त्याने कुणाचे काही जात नाही. अर्ध-ऑर्क अर्ध-ऑर्कच राहील; त्याला काय म्हणावे हे तो खेळणारा ठरवेल. पुढची मोहीम पहिल्या लेव्हलपासून सुरू होईल तेव्हा नवी आवृत्ती वापरायला माझी हरकत नाही. त्या वेळी पाचही जणांनी मत द्यायचे, आणि मास्टरचे मत एकच धरायचे.

२९/ शेवटची अट माझ्या स्वतःच्या विरुद्ध आहे, हे मला कळते. व्हर्डी दु व्हेर्न्वा पंचाच्या बाजूने बोलला आणि मीही या धाग्यात बराच वेळ त्याच्याच बाजूने बोलले. पण त्याचा पंच वरिष्ठ अधिकारी होता. समोरच्यांना उठून जाता येत नव्हते. माझ्या टेबलावरून कुणीही उठून जाऊ शकते.

३०/ तुमच्या टेबलाने काय ठरवले, आणि कुणी ठरवले, ते खाली लिहा. विशेषतः ज्यांनी मधूनच बदल केला आणि मोहीम तगली, त्यांचे मला वाचायचे आहे. आमचा वाद शनिवारी सहा वाजता. अर्ध-ऑर्कवाला नेहमीप्रमाणे साडेसहाला येईल.